दगाभाऊची बाजू

१

सुरतेच्या बमरोलीतल्या त्या खोलीत बाजा चार आणि माणसं आठ होती, तरी कुणाला कधी जमिनीवर झोपावं लागलं नाही. चौघं दिवसपाळीचे, चौघं रातपाळीचे. सकाळी पांडेसऱ्याच्या गिरण्यांचे भोंगे झाले की चौघं निघायचे आणि चौघं येऊन पडायचे. संध्याकाळी याच्या उलट. बाजेला थंड व्हायला फुरसतच मिळत नसे.

अशा खोलीला कायदे असतात. ते भिंतीवर लिहिलेले नसतात, पण मोडणाऱ्याला दुसरी खोली बघावी लागते. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्याला नावाने हाक मारायची नाही. उजेड आणि माशा चुकवायला तो तोंडावर चादर ओढून पडलेला असतो, ती चादर काही झालं तरी उचलायची नाही. आणि जाताना उशी उलटून ठेवायची.

उशी एका बाजेला एकच. तिची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. उखाची बाजू पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची होती, दगाभाऊची पांढऱ्या मांजरपाटाची. उखा दिवसपाळीला, दगाभाऊ रातपाळीला. सकाळी उठला की उखा उशी उलटायचा, पांढरी बाजू वर. संध्याकाळी येई तेव्हा पट्ट्यांची बाजू वर असायची. दुसऱ्याच्या डोक्याचं तेल आपल्याला नको, एवढाच त्यातला अर्थ.

वर्षभर एका बाजेवर झोपूनही दोघांचं बोलणं फारसं झालं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली की दगाभाऊ म्हणायचा, "जाय, गरम शे अजून." म्हणजे बाज अजून गरम आहे. उखा मान खाली घालून हसायचा. तो आधीच लाजरा. आठवीतून शाळा सुटलेली, आणि वर हे नाव. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने उकिरड्यावरून ठेवलेलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण बघत नाही म्हणतात. खानदेशात त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुरतेत नाव सांगताना मात्र त्याचे कान तापायचे.

दिवाळीनंतर दगाभाऊ आजारी पडून गावी गेला. बाज उखाची एकट्याची झाली. तरी सकाळी उठला की हात आपोआप जायचा आणि उशी उलटली जायची. सवयच ती.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी तो बाजेवर टेकला आणि तसाच पुन्हा उभा राहिला. उशीची पट्ट्यांची बाजू वर होती.

सकाळी आपण ती उलटली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं.

२

आता माणूस अशा वेळी काय करतो? आधी स्वतःवरच शंका घेतो. उखाने तेच केलं. सवयीने उलटली असं आपल्याला वाटलं असेल, प्रत्यक्षात उलटली नसेल. दुसऱ्या सकाळी त्याने उशी उलटली, हाताने दाबली आणि मनाशी म्हणाला, उलटली. संध्याकाळी पट्ट्या वर.

गोधडीवर हात ठेवला तर ऊब होती.

भीतीपेक्षा त्याला नवलच वाटलं. गिरणीत त्याचं काम फोल्डिंग खात्यात, कापडाच्या ताग्यावरचे डाग शोधायचं. पांढऱ्यावर पांढरा डागसुद्धा त्याला दिसायचा. डाग दिसला की तो कुठल्या मशीनवर पडला असेल याचा विचार केल्याशिवाय त्याला राहवत नसे. हाही एक डागच होता.

खोलीत सगळ्यांत थोरला गजेंद्र. कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर मशीनवर रातपाळीला. रविवारी सगळे जागे असताना उखाने त्याला विचारलं, "गजूभाऊ, दुपारी माझ्या बाजेवर कुणी झोपतं का?"

"आम्ही कामावरून येतो ते मढं होऊन," गजेंद्र दाढी करता करता म्हणाला. "कोण कुठे पडलं ते मढ्याला विचारतोस?"

भिकन शेजारी चहा ढवळत होता. "याच्या बाजेवर अप्सरा येत असेल," तो म्हणाला. "लाजतो बघ कसा! नाव विचारून घे रे तिचं, आम्हालाही सांग."

सगळे हसले. उखाही हसला. हसताना त्याच्या ध्यानात आलं की चहाचा वास येत नाही. भिकन आलं ठेचून घालायचा, गल्लीभर वास जायचा. त्याने कप नाकाशी नेला. वाफ लागली, वास नाही. डावी नाकपुडी तर भिंत घातल्यासारखी बंद.

त्या रात्री उशीवर डोकं टेकलं आणि त्याला वास आला. एकच वास. फार दिवस न उघडलेल्या खोलीचं दार उघडल्यावर पहिला जो झोत येतो, तसा. ओला, गार, किंचित गोडसर.

उशीला नाक लावून त्याने पुन्हा हुंगलं. पट्ट्यांच्या बाजूला डावीकडे, गाल टेकतो तिथे, कापड दमट होतं.

३

प्लेगला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. त्या वेळी निम्मी बमरोली गाड्यांना लटकून खानदेशात पळाली होती, आणि परत आलेल्यांनी एक गोष्ट गाठीशी बांधली होती : खोलीत आजारी माणूस ठेवायचा नाही. साधा खोकला झाला तरी लोक खोकणाऱ्याकडे वळून बघायचे. म्हणून उखा काही बोलला नाही. गाल ठणकायचा, सकाळी घशातून काळपट हिरवे, चिकट गोळे यायचे, ते तो मोरीत पाणी ओतून घालवायचा.

पण प्रमिलाबाईंच्या नजरेतून काय सुटणार? डिंडोलीच्या रस्त्याला त्यांची खाणावळ. खोलीतले आठही जण तिथेच जेवायचे. ताटात भाकरी टाकता टाकता त्या थांबल्या.

"काय रे पोऱ्या, डोया काबर सुजना तुना?"

"धूळ गेली असेल, मावशी."

"धूय गयी म्हने! इकडे बघ." त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आला होता. प्रमिलाबाईंनी हात काढून पदराला पुसला. "अस्साच," त्या पुटपुटल्या.

"कुणासारखा?"

"जेव आधी. उद्या खाडा कर आणि ट्रस्टच्या दवाखान्यात जा. नाकाच्या डॉक्टरीणबाई आपल्याकडच्या आहेत, मराठी बोलतात."

दवाखान्यात खिडकीतल्या सिस्टरने विचारलं, "शुं नाम?" त्याने सांगितलं. तिने परत विचारलं. त्याने परत सांगितलं आणि खाली बघत बसला.

डॉक्टर जयश्री मॅडम चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं.

"वास कधीपासून येत नाही?"

"येतो मॅडम. एकच येतो."

"कसला?"

"बंद खोलीचा."

त्या दुर्बिणीवरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलं सांगितलंस. स्कॅन काढू."

स्कॅनची फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली. कवटी समोरून कापून उघडल्यासारखी दिसत होती. "हे काळं दिसतं ती हवा," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या गालाच्या हाडात अशी एक खोली असते. नाकात उघडणारं तिला बारकं दार असतं. तुझी उजवी बघ, रिकामी आहे. डावीचं दार बंद झालंय आणि आत सगळं भरलंय. हे पांढरं. आणि पांढऱ्यात हे जे अजून पांढरे पुंजके आहेत ना, ती बुरशी."

"माझ्या डोक्यात?"

"गालात. पण वरची भिंत पातळ असते, आणि भिंतीपलीकडे डोळा. तो ढकलला जातोय. आत्ता ऑपरेशन केलं तर डोळा वाचेल. उशीर केलास तर मी शब्द देणार नाही."

उखाला ताग्यांवरचे डाग आठवले. डोळाच गेला तर गिरणीत दुसरं काय येत होतं आपल्याला?

"मॅडम, हे चिकटतं का? एका उशीवर झोपलं तर?"

"नाही. बुरशीचे कण हवेत असतातच. तूही घेतोस, मीही घेते. बहुतेकांच्या नाकात ते येतात नि जातात. एखाद्याकडे राहतात."

"एखाद्याकडेच का?"

"ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्याचं कुतूहल त्यांना आवडलं असावं. नाकातून काढलेला कण काचेवर पसरून त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फिकट धागे दिसले, जागोजाग फांद्या फुटलेले. विणलेले नव्हते, पण कुणीतरी विणायला घेतल्यासारखे.

४

दवाखान्यातून सुटला तेव्हा दुपार होती. आता कामावर जाण्यात अर्थ नव्हता. उखा खोलीकडे निघाला. या वेळी तो खोलीवर कधीच गेला नव्हता. दुपार ही रातपाळीवाल्यांची.

दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीवर गिरणीतलं नापास झालेलं हिरवं कापड ताणून लावलं होतं, त्यामुळे आतला उजेड विहिरीतल्यासारखा होता. पंखा कुरकुरत होता. चारही बाजांवर माणसं झोपली होती, तोंडावर चादरी घेऊन. चादरीबाहेर आलेले सुकदेवचे पाय त्याने ओळखले. हा त्याचा मामेभाऊ, त्यानेच उखाला सुरतेला आणलेलं. पलीकडे गजेंद्र उताणा. भिकन मुटकुळं करून.

दार लावून घेतल्यावर त्याला कळलं की आपण चार माणसं मोजली.

चौथा त्याच्या बाजेवर होता.

उखा पावलं न वाजवता जवळ गेला. चादर डोक्यापासून पायांपर्यंत. असेल कुणी गजूभाऊचा पाहुणा. श्वासाबरोबर तोंडावरची चादर आत जात होती, बाहेर येत होती. तो वाकला. डाग शोधणारी नजर ती, तिला दिसलंच : चादर एकाच नाकपुडीशी हलत होती, उजव्या. डाव्या बाजूला कापड निश्चल होतं आणि तिथे मुठीएवढा ओलावा पसरला होता.

बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. नीट ऐकू यावं म्हणून उखाने आपला श्वास रोखला.

आवाज थांबला. चादर जिथल्या तिथे राहिली.

त्याने श्वास सोडला. चादर हलली.

त्याने पुन्हा रोखला. छातीत दुखायला लागेपर्यंत रोखला. चादर तितका वेळ वाट बघत राहिली.

उचलावी का? दोन बोटांत धरून कोपरा वर केला की झालं. हात पुढे गेलाही. पण वर्षभराचा कायदा हातात भिनलेला होता, आणि खरं सांगायचं तर कायदा आहे याचं त्याला त्या क्षणी बरंच वाटलं. तो मागे सरत दारापर्यंत आला आणि बाहेर उन्हात येऊन उभा राहिला.

शिट्टी आपल्याच नाकाची असणार, असं तो संध्याकाळपर्यंत स्वतःला समजावत राहिला. नाक चोंदलंय, आपलंच वाजत असणार. चादरीचं कोडं काही सुटलं नाही.

५

ऑपरेशन म्हटल्यावर सांगणं भाग होतं. रविवारी त्याने गजेंद्र आणि सुकदेवला बाहेरच्या ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. गालातली खोली, बुरशी, डोळा. चिकटत नाही, हे दोनदा सांगितलं.

"आता समजलं," सुकदेव म्हणाला. "म्हणूनच रोज दुपारी येऊन पडतोस. मी मनात म्हणतो, हा एवढे खाडे करतो, आत्याला काय तोंड दाखवू?"

"रोज?"

"रोज म्हणजे काय, पाणी प्यायला उठलो की दिसतोसच की. चादर घेऊन."

उखाने विचारलं, "तोंड पाहिलंस का माझं?"

"झोपलेल्याचं तोंड कोण बघतं, येड्या!"

गजेंद्र मात्र हसला नव्हता. तो उखाच्या डोळ्याकडे बघत होता. म्हणाला, "दगाचा पण हाच डोळा होता. डावा."

"कसा आहे आता दगाभाऊ?"

"गेला तो. दत्तजयंतीला. मुद्दामच बोललो नाही. खोलीतल्या माणसाच्या मरणाची बातमी फुटली असती तर तुम्ही सगळे गाडीत बसला असता." मग खाली बघत त्याने पुढे सांगितलं, "दवाखान्यात जायला त्यालाही मी म्हणालो होतो. तो म्हणाला, गेलो तर बाज जाईल. परत आलो की झोपू कुठे? जाताना मला बजावून गेला, मन्ही जागा कोणले देऊ नको."

उखाने मनात दिवस मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. माणूस गेल्यावरही तो रोज सकाळी पांढरी बाजू वर करून निघत होता. कुणी न सांगता रोज बिछाना मांडून देत होता.

होळीच्या आधी ऑपरेशन झालं. भूल उतरली तेव्हा नाकात पट्ट्या कोंबलेल्या होत्या आणि डोळ्याला दिसत होतं. मॅडमनी बाटली दाखवली. तळाशी काळपट हिरवा चिखल, मातीसारखा घट्ट.

"खोली साफ झाली," त्या म्हणाल्या. "तुला त्रास कधी सुरू झाला म्हणालास?"

"संक्रांतीला."

"हे वर्षभराचं तरी वाटतंय मला." त्या बाटलीकडे बघत राहिल्या. "असो. काही वेळा कळत नाही माणसाला. आता ऐक. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. दार उघडं राहिलं पाहिजे, हवा खेळली पाहिजे. आणि ओलसर अंथरुणावर डोकं ठेवू नकोस. ही परत येते. परत आली तर डोळ्याचं काही सांगता येणार नाही."

पट्ट्या काढल्या त्या दिवशी डाव्या नाकपुडीतून वारा आत गेला. स्पिरिटचा वास आला. फिनाइलचा, शेजारच्या खाटेवरच्या संत्र्याचा. उखा लहान पोरासारखा एकेक वास घेत बसला. शेवटी आपल्या नाकातल्या मलमाचा वास आला, कापराचा आणि निलगिरीचा. हा वास आता महिनाभर आपल्याबरोबर राहणार, असं त्याला सिस्टरने सांगितलं.

६

प्रमिलाबाईंनी खाणावळीच्या मागची पडवी त्याला झोपायला दिली. "तठे नको जाऊ आता," त्या म्हणाल्या. "आठेच ऱ्हाय." पण कपड्यांची पिशवी खोलीवर बाजेखाली होती. दवाखान्यात इतके दिवस सुकदेवनेच आपले दोन सदरे वापरायला दिले होते.

"सुकदेव आणेल की," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मीच जातो, मावशी. लगेच येतो."

खरं तर पिशवीसाठी एवढ्या घाईने जायची काही गरज नव्हती. पण आता नाक उघडं होतं. त्या बाजेला खरोखर कसला वास येतो ते त्याला एकदा बघायचं होतं. वास नाही आला, तर सगळं आजारपणातलं होतं असं म्हणून मोकळं होता येणार होतं.

तो दुपारीच गेला. हिरवा उजेड तसाच होता. पंखा तसाच. सुकदेव, गजेंद्र, भिकन चादरीखाली. चौथी बाज रिकामी. त्याच्या मनावरचं ओझं इतकं झटकन उतरलं की हसू आलं.

वाकून त्याने पिशवी ओढली आणि त्याच वाकण्यात उशी नाकाजवळ आली. उशीची पट्ट्यांची बाजू वर होती. बंद खोलीचा वास नव्हता. नावालाही नव्हता.

कापराचा आणि निलगिरीचा वास होता.

उखाने बोट लावून पाहिलं. डाव्या गालाच्या जागी फिकट गुलाबी डाग होता, मिठाच्या पाण्यात रक्त मिसळल्यासारखा. ओला. त्याच्या स्वतःच्या नाकातून सकाळी अगदी असंच पाणी आलं होतं, पण ते प्रमिलाबाईंच्या मोरीत. या उशीवर ऑपरेशनपासून त्याचं डोकं टेकलं नव्हतं.

त्याने पिशवी छातीशी धरली. इतरांना उठवावं असं मनात आलं, पण झोपलेल्याला हाक मारायची नसते. शेवटी तो हळू आवाजात एवढंच बोलला, "दगाभाऊ, बाज तुमचीच. मी चाललो."

दाराकडे वळला तेव्हा मागे बाजेचा सुंभ करकरला, माणूस टेकल्यावर करकरतो तसा. उखाने वळून पाहिलं नाही. बाहेर आला, उन्हात आला, दार मागे ओढून घेतलं आणि चार पावलं गेला.

आतून कडी लागली. हलक्या हाताने, झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून माणूस लावतो तशी.

मग त्याला आत असलेले तिघं आठवले.

तो धावत मागे आला. कायदा विसरून त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं. "सुकदेव! गजूभाऊ! उठा! भिकन, अरे उठा!"

आत बाज वाजली. सुकदेवचा झोपाळलेला आवाज आला, "कोन शे रे?"

उखाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण दाराच्या अगदी जवळून, लाकडाला गाल लावून बोलावं तसं, कुणीतरी त्याच्या आधी बोललं. आवाज लाजरा होता, आणि नुकतंच नाक मोकळं झालेल्या माणसासारखा स्वच्छ.

"मी शे, उखा. बाहेर कोणी नाही. झोप तू."